आकडा थांबेपर्यंत

जानेवारीत निफाडचा पारा पेपरात छापून येतो.
आमच्या मोहाडीच्या पॅकहाउसातला
फक्त एका रजिस्टरात असतो,
निळ्या रेघांच्या, ओल लागून फुगलेल्या,
आणि ते रजिस्टर माझ्या ताब्यात.

दर दोन तासांनी कोल्डरूममध्ये जायचं.
थर्मामीटरची सुई मण्यात खुपसायची,
वरच्या पेटीत, मधल्या, मग तळच्या.
आणि थांबायचं.
आकडा लगेच खरं सांगत नाही.
आधी हाताची ऊब सांगतो, मग उघड्या दाराची,
मग सावकाश द्राक्षाची.
पोरांना हे मीच शिकवलं.
"न बघता लिहिलेला आकडा म्हणजे
न तोडलेल्या मालाची पावती,"
असलं काहीबाही बोलायचो चहा पिताना.
पोरं मान डोलवायची.

त्या रात्री दोनला मी गेलो नाही.
कारण सांगण्यासारखं नाही.
घोंगडी होती. हीटर होता. खुर्ची त्याच्याजवळ होती.
ड्यूटी निवृत्ती पिंगळची,
त्याला मीच कंटेनर भरायला पाठवलेलं,
"जा तू, आकडा मी बघतो" म्हणून.
बाराच्या खाली मी बाराचाच आकडा उतरवला.
शून्य पूर्णांक पाच.
बसल्या बसल्या.

सदतीस दिवसांनी रॉटरडॅमहून फोटो आले.
मणी ठीक होते. देठ मात्र
चहात बुडवून ठेवलेल्या काडीसारखे.

शेठनी रजिस्टर उघडून बोट ठेवलं,
"दोनला कोण होतं?"
रकान्यावर नाव निवृत्तीचं.
तो आपल्या गमबुटांकडे बघत राहिला.
माझ्याकडे त्यानं बघितलं नाही, एकदाही नाही.
खरं सांगतो, मी लगेच बोललो नाही.
पलीकडे मथुराबाई लेबलं मोजत होत्या,
एकशे आठ, एकशे नऊ.
एकशे चौदापर्यंत मी गप्प होतो.

मग म्हटलं, शेठ, त्या पाचाची शेपटी बघा.
ती माझी आहे.
"तू कशाला मध्ये पडतोस?"
म्हटलं, मध्ये नाही.
सुरुवातीलाच मी आहे.

सीझनचा बोनस गेला, तो जायलाच हवा होता.
मथुराबाई म्हणाल्या, "बोललात ते बरं केलं.
पण देठ काही आता हिरवे व्हायचे नाहीत."
निवृत्तीनं आठवडाभर मला चहा विचारला नाही.
त्या सहा आकड्यांचा हिशोब मी अजून मांडतो,
एकशे नऊला बोललो असतो तर,
एकशे दहाला.

आता गजर एक पन्नासचा.
खुर्ची हीटरपासून उचलून दाराशी आणली,
जिथून वारा येतो.
मला माझा स्वभाव ठाऊक आहे,
त्याला ऊब दाखवायची नाही.
आत गेलं की कानटोपीतूनही पंखे ऐकू येतात.
सुई खुपसतो.
दोन पूर्णांक एक. एक पूर्णांक चार.
मन म्हणतं, झालं की.
मी म्हणतो, अजून हलतोय.
रोज हेच भांडण, रोज नव्यानं,
कालच्या जिंकण्याचा आज काही उपयोग होत नाही.

फेब्रुवारीत एका रात्री थर्मामीटरचा सेल गेला.
नवा सेल शेठच्या कपाटात, चावी दिंडोरीत.
अंदाज करता आला असता,
एकोणीस सीझनांचा हात आहे, अंदाज बरोबरही आला असता.
रकाना कोरा ठेवला.
खाली लिहिलं, सेल संपला, जादा ठेवायचा राहिला, चूक माझी.
आणि सही केली.

सकाळी निवृत्ती त्या पानावर थबकला.
अंगठ्यानं कोपरा सरळ केला, गेला.

मार्चमध्ये, माल संपत आला तेव्हा,
त्याच्या पाळीत एक चौकट रिकामी सापडली.
पहाटेचे चार. वाकडंतिकडं अक्षर, खाली सही.
कारणाच्या जागी दोनच शब्द:
झोप लागली.